डिकीची वायर बिजागरीतून नेणाऱ्या साहेबांस

साहेब,

नमस्कार. ‘सप्रेम’ मुद्दामच लिहिलेलं नाही. तुमचं नाव मला ठाऊक नाही, तुम्ही जर्मनीत बसता आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तरी लिहिते आहे. तुमच्या ड्रॉइंगवरून बनलेल्या गाड्या इथं पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात फिरतात, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यांच्या डिक्या ऐन वेळी दगा देतात. त्याचा जाब कुणीतरी विचारायला हवा.

तुम्ही काय करून ठेवलंत ते आधी तुम्हालाच समजावून सांगते, कारण ड्रॉइंग मंजूर झाल्यावर तुम्ही पुन्हा त्याकडे पाहिलेलं दिसत नाही. डिकीच्या झाकणात लॉकची मोटर आहे, नंबर प्लेटचे दिवे आहेत, रिव्हर्स कॅमेरा आहे, उघडायचं बटण आहे. या सगळ्यांच्या वायरींचा जुडगा बॉडीतून झाकणात न्यायचा होता. तुम्ही तो बिजागरीला लगटून, एका रबरी नळीत कोंबून नेलात. झाकण वर गेलं की जुडगा सरळ होतो, खाली आलं की त्याच दोन-तीन इंचांत दुमडतो. भाजीची पिशवी ठेवा, शाळेची दप्तरं काढा, प्रत्येक वेळी तीच जागा आणि तीच घडी. तांब्याची तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, हे आमच्याकडे शाळकरी मुलांना माहीत असतं. तुमच्या कॉलेजात हा धडा कुठल्या वर्षाला होता? वरून आमचं ऊन. एप्रिलच्या दुपारी डिकीच्या पत्र्यावर हात टेकवत नाही. त्या उष्णतेत वायरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं भाजून निघतं, कडक होतं आणि घडीवर तडकतं.

ज्ञान नव्हतं म्हणावं, तर तेही खरं नाही. चाकणला कुठल्याही मोठ्या कारखान्यात जा आणि वेल्डिंग करणाऱ्या रोबोचा हात बघा. त्याच्या सांध्यांतून केबली जातात आणि पाळीमागून पाळी वाकत राहतात. त्या टिकतात, कारण त्यांची तार केसासारख्या बारीक धाग्यांची असते, आवरण मऊ असतं आणि वळण मोठं ठेवलेलं असतं. म्हणजे जे रोबोला दिलंत, ते गाडीसाठी लाखो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला तुमचा हात आखडला. किती पैसे वाचले हो एका गाडीमागे?

बरं, वायर तुटली तर तुटली, चावीनं उघडू, म्हणावं तर चावीला जागाच नाही. अँबॅसडरच्या डिकीला चावी होती. मधल्या काळातल्या साध्या गाड्यांना ड्रायव्हरच्या सीटशेजारी खटका होता. तो ओढला की केबल ताणली जायची आणि डिकी उघडायची. माझ्या गाडीची डिकी मागून गुळगुळीत आहे, भोक म्हणून कुठं नाही. देखणी दिसते, हे मान्य. पण त्याच डिकीत तुम्ही बॅटरी ठेवलीत. बॅटरी मागे नेल्यानं पुढच्या-मागच्या वजनाचा तोल साधतो आणि ती इंजिनाच्या उष्णतेपासून लांब राहते, हेही मान्य. फक्त ती उतरली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडल्याशिवाय तिच्यापर्यंत हात पोचत नाही. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून दार लोटून घेण्यासारखंच हे. बॉनेटखाली जंप स्टार्टसाठी दोन टोकं दिलीत, त्याबद्दल आभार मानते. ती बॅटरीच्या कामाची. तुटलेल्या वायरीपुढे ती काय करणार?

माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तपासणीसाठी तिला हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये आणलं, घडीची व्हीलचेअर डिकीत. बटण दाबलं, काही नाही. रिमोट दाबला, काही नाही. आतलं बटण दाबलं, तेव्हाही साधं ‘टक्’ झालं नाही. मागे ॲम्ब्युलन्स उभी, वॉचमन हात करतोय, गाडी काढा म्हणतोय, आणि आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली, ‘राहू दे गं, चालेन मी’ म्हणतेय. चालणं तिला मना होतं. हॉस्पिटलची खुर्ची मिळेपर्यंत ती तशीच अवघडून बसून राहिली. साहेब, त्या पोर्चमध्ये तुम्ही असायला हवे होतात.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. गाडी टो करून आणा, मग बघू, असं उत्तर आलं. याच सेंटरला आधी सांगून झालं होतं की नंबर प्लेटचा दिवा लुकलुकतो, कॅमेऱ्याचं चित्र मधेच जातं, डिकी बंद असताना उघडी असल्याचा इशारा पेटतो. त्यांनी बल्ब बदलला आणि बिल दिलं. तिन्ही लक्षणं एकाच जुडग्याची आहेत, हे त्यांना कळायला नको?

ते कळलं नाना पेठेतल्या इलेक्ट्रिशियनला, आणि तेही फोनवरच. तरी घरी आल्यावर त्यांनी घाई केली नाही. आधी ग्लव्ह बॉक्स उघडून आतलं छोटं बटण पाहिलं. हॉटेलात गाडी लावायला दुसऱ्याच्या हाती देताना डिकी बंद राहावी म्हणून काही गाड्यांत ते असतं, आणि कागदपत्रं कोंबताना दाबलं गेलं की मालक हैराण होतो. ते ठीक होतं. मग फ्यूज. तोही शाबूत. मग मला बटण दाबायला सांगून ते झाकणाला कान लावून उभे राहिले. मोटरचा आवाज येत असेल आणि तरी उघडत नसेल, तर लॉक अडकलंय किंवा आतल्या सामानाचा दाब आहे. अशा वेळी एकानं झाकण खाली दाबायचं आणि दुसऱ्यानं बटण. रिमोटनं उघडते पण बाहेरच्या बटणानं नाही, असं असेल तर त्या बटणात पाणी शिरलेलं असतं. पावसाळ्यात हे हमखास. आमच्याकडे आवाजच नव्हता. “करंटच पोचत नाही, ताई,” ते म्हणाले.

मग सीट. मागची बैठक क्लिपांतून उचकटून वर काढली, पाठीचे बोल्ट सोडले, आणि त्यामागच्या मोकळ्या झालेल्या जागेतून ते टॉर्च दातात धरून कमरेपर्यंत डिकीत शिरले. लॉकवरचं प्लास्टिक काढून लांब स्क्रूड्रायव्हरनं आतला खटका सरकवला, तेव्हा कुठं झाकण वर आलं.

त्यानंतर त्यांनी बिजागरीपाशी रबरी नळी मागे सारली. बाहेरून ती नळी कोरी करकरीत होती, ओरखडाही नाही. म्हणूनच कुणाला संशय येत नाही. आत मात्र वायरींच्या आवरणाला गोल गोल चिरा गेलेल्या, काही ठिकाणी नुसतं तांबं उघडं, आणि त्यावर हिरवट बुरशीसारखा थर. लॉकची वायर पुरती तुटलेली. शेजारची तपकिरी, म्हणजे तुमच्या पद्धतीनं अर्थची, दोन-चार धाग्यांवर लोंबत होती. दिवा का लुकलुकत होता ते तिथं डोळ्यांनी दिसलं. त्या उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या असत्या तर फ्यूज उडाला असता.

दुरुस्तीही बघण्यासारखी होती. पीळ मारून वर काळी टेप गुंडाळायची, हा रस्त्यावरचा इलाज त्यांनी केला नाही. घडीच्या जागी डागही दिला नाही. डागलेली तार ताठ होते आणि डागाच्या कडेलाच पुन्हा तुटते. त्यांनी खराब भाग कापून टाकला, तिथं सिलिकॉनच्या आवरणाची मऊ, बारीक धाग्यांची वायर थोडी सैल सोडून घातली आणि सांधे घडीपासून लांब, सरळ भागात, मागेपुढे करून दाबून बसवले, म्हणजे नळीत फुगवटा येत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी जे करायला हवं होतं, ते या माणसानं माझ्या पार्किंगमध्ये बसून केलं.

व्हीलचेअर अडकली, निभावलं. डिकीत माणूस अडकला तर? 1995 साली सॅन फ्रान्सिस्कोत जॅनेट फेनेल आणि त्यांच्या नवऱ्याला लुटारूंनी त्यांच्याच लेक्ससच्या डिकीत कोंडलं. अंधारात चाचपडताना डिकी उघडणारी केबल हाती लागली म्हणून दोघं जिवंत बाहेर आली. केबल होती, साहेब. ओढली की उघडणारी, विजेची वाट न बघणारी केबल. 1998 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत काही आठवड्यांत 11 मुलं डिकीत अडकून दगावली. फेनेलबाईंनी पाठपुरावा सोडला नाही, आणि सप्टेंबर 2001 पासून तिथं डिकीच्या प्रत्येक नव्या गाडीला आतून उघडायची सोय सक्तीची झाली. अंधारात चमकणारं ते छोटं हँडल तिथल्या गाड्यांत सर्रास दिसतं. माझ्या गाडीत ते नाही. आमची मुलं लपाछपी खेळत नाहीत, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

माझं मागणं थोडं आहे. घडीच्या जागी मऊ वायर द्या. चावीचं कुलूप द्या, हवं तर कंपनीच्या चिन्हामागे लपवा. आणि आतून ओढायचं हँडल द्या, कायदा असो वा नसो. विजेवर उघडणाऱ्या प्रत्येक दाराला हातानं उघडायचा एक रस्ता असलाच पाहिजे. तो न ठेवणाऱ्याला मी चांगला इंजिनिअर म्हणणार नाही, गाडी कितीही महाग असो.

कळावे,
तुमच्या गाडीची एक मालकीण

ता. क. हे साहेबांसाठी नाही, वाचकांसाठी आहे. आज गाडी घरी आली की गाडीसोबतच्या पुस्तकात डिकी हातानं उघडायची पद्धत आहे का ते शोधा. तुमच्या डिकीला चावीचं कुलूप असेल तर रिमोटमधलं लोखंडी पातं काढून त्यात एकदा फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेलं कुलूप गंजलेलं असू शकतं. मागची सीट पडते का, तेही बघा. नंबर प्लेटचा दिवा लुकलुकत असेल तर बल्ब बदलण्याआधी बिजागरीजवळची रबरी नळी सारून आतल्या वायरी पाहायला सांगा. आणि घरात लहान मुलं असतील तर गाडी कायम लॉक ठेवा, किल्ली त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.