चौथी ओळ

सकाळी पावणेसातला बेल वाजली की आमच्याकडे दोनच शक्यता असतात. दूधवाला, नाहीतर चारोळीकाका. दूधवाला पिशवी कडीला अडकवून निघून जातो. काका आत येतात. चष्मा कपाळावर, हातात जुन्या डायरीचं फाडलेलं पान. "अहो लेखक, तीन झाल्या. चौथी अडलीय."

तुमच्याही सोसायटीत असे एक काका असणारच. कुणी साठीनंतर पेटी शिकतं, कुणी दिसेल त्याला होमिओपॅथीच्या गोळ्या देतं. घाटकोपरच्या पंतनगरातले आमचे काका चित्रं बघून चारोळ्या करतात. जन्म रेल्वेच्या बुकिंग ऑफिसात गेला. नव्वदच्या दशकात चंद्रशेखर गोखल्यांचं 'मी माझा' घरोघरी पोचलं, तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राला वाटलं की चार ओळी काय, आपणही पाडू. बाकीच्यांचा ताप यथावकाश उतरला. काकांना तो निवृत्तीनंतर चढला. प्रेमभंगाचं भांडवल गाठीला नसल्यामुळे त्यांनी चित्रं धरली.

तीन ओळी त्यांच्या हातून तिकिटांसारख्या फटाफट सुटतात. चौथीला खिडकी बंद.

मग काका ती ओळ मागत फिरतात. कोळणीकडे मागतात, टीसीकडे मागतात. दातांच्या डॉक्टरकडे मागितली तेव्हा तोंडात यंत्र होतं, म्हणून खुणेने चार बोटं दाखवली. डॉक्टरने चार दात बधिर केले. माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता टाकताना माझ्या कानाशी लागून म्हणाले, "भटजींचं बरं असतं हो. चौथ्या ओळीचा शेवट आधीच ठरलेला!"

बरं, कुणी ओळ दिलीच, तर घेतात का? नाही. मान डोलावतात, पुटपुटतात, आणि शेवटी, "जुळतंय. पण चित्रात नाहीये."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आमच्या घरात भाजीलाही ते लागतं. "मीठ बरोबर आहे. पण चित्रात नाहीये."

'चित्र बघून कविता' हे खूळ नसून परंपरा आहे, हे त्यांनी मला पटवलेलं आहे. महावीरप्रसाद द्विवेदींनी 1909 मध्ये 'कविता कलाप' काढला, त्यात रविवर्म्याच्या चित्रांवर हिंदी कवींच्या कविता होत्या. काकांच्या लेखी यातली मुख्य गोष्ट निराळीच. द्विवेदी संपादक होण्याआधी झाशीला रेल्वेत होते. "आपल्यातलाच माणूस!" आणि रविवर्म्याचा छापखाना मळवलीला जाण्याआधी काही काळ घाटकोपरात होता, तेवढ्यावर काका रविवर्म्याला पंतनगरचा रहिवासी समजतात. मेंटेनन्स थकवला नसेल, अशीही खात्री देतील.

तर गेल्या दिवाळीत एका बँकेचं कॅलेंडर आलं. त्यावर ती प्रसिद्ध बाई, हातात दिवा घेतलेली. खाली छापलेलं, 'राजा रविवर्मा'. दुसऱ्या दिवशी पावणेसातला बेल.

पदराआड जपते दिवा
उभी कधीची दारी
वाऱ्याला म्हणते थांब जरा

"चौथी?"

मी उशीवरून नुकतं उचललेलं डोकं खाजवलं. "येईल त्यांची स्वारी."

"जुळतंय," काका म्हणाले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं. चित्राची माहिती काढली आणि संध्याकाळी जिन्यात त्यांना गाठलं. "काका, हे रविवर्म्याचं नाहीच. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे. जलरंगातलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात. आणि ती बाई म्हणजे त्यांची मुलगी, गीता. 2018 साली कोल्हापुरात वारल्या, 102 वर्षांच्या होऊन."

मला वाटलं, खचतील. काका कॅलेंडरकडे बघत राहिले. "म्हणजे समोर बाप बसलाय रंगवत?"

"हो."

"मग स्वारी कसली येतेय कपाळ!" त्यांनी पेन काढून दुसरी ओळ खोडली. "ती कुणाची वाट बघत नाहीये हो. बाबांचं कधी आटोपतंय, हे बघतेय."

तेवढ्यात वॉचमन वर आला. हा रायबरेलीचा, म्हणजे थेट द्विवेदींच्या जिल्ह्यातला. त्यामुळे काकांच्या दरबारी त्याला साहित्यिकाचा मान आहे. त्याच्यापुढेही कॅलेंडर गेलं. त्याने ते दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिलं. "आंचल कहाँ है, साब? हाथ की ओट है. देखिए, उंगलियाँ लाल हो गयी हैं. उजाला आरपार जा रहा है."

मी ते चित्र लहानपणापासून बघतोय. आत्याकडे होतं, सलूनमध्ये होतं. बोटं लाल आहेत हे मला माहीत नव्हतं.

काकांनी पहिली ओळही खोडली.

पुढे एका मंगळवारी मला जहांगीर आर्ट गॅलरीत जायचं होतं, एका प्रदर्शनावर चार शब्द लिहायला. काका बरोबर आले. 1952 पासून इथे फुकट आत जाता येतं, हा त्यांच्या मते मुंबईचा शेवटचा शिल्लक सद्गुण. तिथलं समोवर कॅफे 2015 मध्ये बंद झालं, तेव्हापासून चहा मात्र बाहेर. मी अकरा मिनिटांत बत्तीस चित्रं पाहून मनात मजकूर जुळवला. 'आश्वासक रंगसंगती' वगैरे. आमच्या धंद्यात एवढं पुरतं. बाकी लोक चित्रांकडे पाठ करून फोटो काढत होते, दोघे-तिघे एसी खात होते.

काका पहिल्याच चित्रापाशी होते. अर्धा तास. अंगणात भात वाळवणारी एक म्हातारी, एवढंच चित्र. शेवटी तो चित्रकार, कोकणातला कोवळा पोरगा, घाबरत त्यांच्याजवळ आला. "काका, काही चुकलंय का?"

"चुकलं नाही रे. चौथी ओळ शोधतोय. हिच्या चपला कुठायत?"

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "होत्या. नंतर मी पुसल्या. आजी अंगणात कधी घालायचीच नाही."

पुढचा तासभर ते दोघे जमिनीवर बसून होते. मी बाहेर चहा पिऊन आलो, तरी बसलेले. मजकुरातली 'आश्वासक रंगसंगती' मी तिथेच काढून टाकली. बदली काय लिहावं, ते सुचेना.

परतीच्या स्लो लोकलमध्ये काका खिडकीला डोकं टेकून झोपले. मी मोबाइलवर हळदणकरांची लेक उघडून बसलो. शीव गेलं, कुर्ला गेलं. विद्याविहारच्या अलीकडे मला एक ओळ सापडली, आणि इतकी चांगली की मी त्यांना हलवून उठवलं. ओळ सांगितली.

"जुळतंय," ते म्हणाले.

मी थांबलो. घाटकोपर येईपर्यंत थांबलो.

"उद्या दिव्याखाली बघू," ते म्हणाले आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला बेल वाजली. दूध. सात वाजले. सव्वासात. दोनदा दार उघडून बघितलं, तेव्हा बायको म्हणाली, दूध आलंय ना? मी चपला अडकवून खाली गेलो. वॉचमनच्या केबिनमध्ये, बल्बखाली, दोघांची डोकी कॅलेंडरवर जुळलेली.

"काय काका, झाल्या चार?"

"छे हो," काका मान वर न करता म्हणाले. "आता एकच राहिलीय. पण आहे ती चित्रातली आहे."