हे लागतंय काय?

आप्पा तुमच्याही गल्लीत असणारच. कोल्हापुरात पेठ कुठलीही घ्या. उद्यमनगरात लेथवर उभी हयात काढलेला, आता रिटायर झालेला, खिशात सुतळीचं गुंडाळं बाळगणारा एक गृहस्थ दुसऱ्याच्या वस्तूकडं टक लावून बघत असतो. वस्तू टाकाऊच असावी, अशी त्याची अट नसते. "हे तुम्हाला लागतंय काय?" एवढंच तो विचारतो.

आप्पांना ते लागतं पाखरांसाठी. घरी काही बजरीगर, लव्हबर्डची एक भांडखोर जोडी आणि एक कॉकाटील. त्याला आप्पा 'कॉकटेल' म्हणतात. "चला, घरात कॉकटेल आहे," असं ऐकून मोठ्या आशेनं आलेले पाहुणे चहा पिऊन परत गेलेत. या मंडळींना चढायला शिड्या, झुले आणि दोर करत बसणं हाच आप्पांचा दिवस. पिंजरा कसला, तालीमच ती! फक्त हौदा नाही.

मागच्या लग्नसराईत अक्षता पडल्या, लोक पंगतीकडं पळाले आणि आप्पा नवरदेवाजवळ गेले. आशीर्वाद द्यायला गेले असतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी मुंडावळ्या बोटानं चाचपल्या आणि विचारलं, "आता ह्या लागतात काय?" मणी प्लास्टिकचे निघाले म्हणून वाचला बिचारा.

चपला मात्र वाचत नाहीत. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, म्हणून ते पाखरानं चावलं तरी चालतं, हा आप्पांचा सिद्धांत. पॉलिश मारलेली नको, रंगवलेली नको. परिणामी आमच्या जिन्यात पाहुण्यांच्या चपला उचलून हुंगणारा एक सभ्य वयस्क माणूस दिसतो. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आप्पांच्या लव्हबर्डांनी ते कुरतडून खात्री करून घेतली आहे.

शिडीच्या दोन पायऱ्यांतलं अंतर ते व्हर्निअरनं मोजतात. सकाळभर खपून केलेली शिडी दुपारपर्यंत भुसा होते. "मोडली की हो," म्हटलं तर उत्तर येतं, "मग? मोडायलाच केलीया." आणि नजर आमच्या पेरूकडं. "ती फांदी लागतीया काय?" पायऱ्या पेरूच्याच हव्यात, त्याही कमीजास्त जाडीच्या. एकसारख्या गुळगुळीत दांडीवर बसून बसून पाखरांच्या तळव्यांना फोड येतात. जस्ताच्या मुलाम्याची तार नको, चोचीवाटे विष पोटात जातं. नायलॉनचा दोरा नको, नख अडकतं. पोपटाच्या जातीला चढताना चोच म्हणजे तिसरा पायच, हे आप्पा आम्हाला कधीपासून ऐकवतायत. शास्त्रज्ञांनी लव्हबर्डांवर प्रयोग करून तेच सिद्ध केलं 2022 साली. त्यांनी कुणाच्या चपला मागितल्या नसाव्यात.

आता खरं सांगायचं, तर यातलं एकही पाखरू आप्पांनी विकत आणलेलं नाही. सगळी गल्लीतलीच. पोरानं हट्ट केला, वाढदिवसाला पिंजरा आला, त्यात प्लास्टिकचा एक आरसा टांगला की आईबाप मोकळे. परीक्षा आल्या, घाण वाढली, की तेच आईबाप आप्पांच्या दारात. तेव्हा "लागतंय काय?" विचारायची पाळी त्यांची असते. आप्पांनी आजवर नाही म्हटलेलं नाही. अपवाद एकच. एकानं हिरव्या पोपटाचं पिल्लू आणलं, तेव्हा आप्पांनी त्याला गल्लीभर ऐकू जाईल असं झापलं आणि वनखात्याचा रस्ता दाखवला. देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पण ज्याच्या दारात तो टांगलेला असतो, नेमकं त्यालाच ते ठाऊक नसतं.

कॉकाटील नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. आप्पांचं अजून कोवळं आहे, आप्पा सत्तरी ओलांडलेले. हा हिशेब त्यांनी व्हर्निअरशिवाय केलाय. हल्ली गल्लीतल्या पोरांना कट्ट्यावर बसवून सुतळीच्या गाठी शिकवतात. कुणाचा हात बसतोय ते बघतात आणि कुणालाच काही विचारत नाहीत.

म्हणून मीच विचारतो. कॉकाटील कुणाला लागतंय काय? पंख पुरते पसरतील एवढा पिंजरा हवा आणि शिडी स्वतःच्या हातानं करता यायला हवी. विकतची चालणार नाही, आप्पा बघायला येतील.