काहीच न दाबणाऱ्यांचे नाना

सहकारी पतसंस्था म्हटली की एक चेअरमन, एक कधीच न उघडणारं कपाट आणि एक नाना असायलाच हवेत. आमचे नाना कागदोपत्री वरिष्ठ लिपिक. कॉम्प्युटरवाला महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या गावाहून येतो, चहा पितो, बिल देतो आणि जातो. मधल्या दिवसांत कुठलाही कीबोर्ड बिथरला की हाक ठरलेली : "नाना, जरा बघता का? आपोआपच काहीतरी झालंय."

"आपोआप" ऐकलं की नानांचा चष्मा कपाळावरून नाकावर येतो. ते मशीनला लगेच हात लावत नाहीत. आधी फौजदारासारखा जबाब घेतात.

"काय दाबलंत?"

"काहीच नाही."

"हात कुठे होते?"

"हात? मांडीवर."

"दोन्ही?"

इथे कॅशियर वहिनी पंख्याकडे बघू लागतात. नानांचं ठाम मत आहे की कॉम्प्युटर आल्यापासून या देशात कोणीही, कधीही, कुठलंही बटण दाबलेलं नाही. तरी रोजच्या रोज खतावणी जुळते, ही ईश्वरी कृपा.

वहिनींची एक लकब आहे. मोठी रक्कम मनात जुळवताना त्यांची करंगळी शिफ्टवर टकटक करते. शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबलं की विंडोज एक चौकट पुढे करून विचारतं, स्टिकी कीज चालू करू का? चौकट वाचायची नसते, तिला येस म्हणायचं असतं, हा सहकारातला जुना शिरस्ता. मग शिफ्ट, कंट्रोल, आल्ट ही बटणं सोडली तरी पुढच्या बटणापर्यंत दाबलेलीच राहतात, आणि लागोपाठ दोनदा दाबली तर मुक्कामालाच येतात. जाता जाता कंट्रोलला बोट लागलेलं असतं. वहिनी खातेदाराच्या नावातला "पी" दाबतात आणि पलीकडे प्रिंटर छापायला तयार होतो. यावरचा उपाय सोपा आहे. शिफ्ट आणि एखादं अक्षर एकदम दाबलं की ही सोय सहसा आपली आपण बंद होते. पण नाना ते पाठ वळवून, दोन बोटांत आणि डोळे मिटून करतात. बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी पुटपुटले.

पुटपुटत वगैरे काही नाहीत, हे मी खात्रीने सांगतो. पण विद्या उघड्यावर ठेवली की तिची किंमत जाते, हे त्यांना कळतं. मला विचाराल तर तेवढी फी त्यांनी घ्यावी. पगारात कोणी धरत नाही ती.

मॅनेजरसाहेबांचं प्रकरण तर ठरावापर्यंत गेलं होतं. त्यांचा कीबोर्ड एकाएकी मंद झाला. बटण दाबून धरलं तरच अक्षर यायचं, हलकी टिचकी मारली तर ढिम्म. "कीबोर्ड म्हातारा झाला," असं साहेबांनी जाहीर केलं, तीन दरपत्रकं मागवली, विषय संचालक मंडळापुढे ठेवला. खरी गोष्ट अशी की थकबाकीदारांची जाडजूड फाइल टेबलावर तिरकी पडली होती आणि तिचा कोपरा उजव्या शिफ्टवर. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबलेलं राहिलं की फिल्टर कीज जागी होते. हात थरथरणाऱ्या माणसाच्या चुकार टिचक्या गाळाव्यात म्हणून केलेली सोय ती. तिचीही चौकट आली होती, साहेबांनी सवयीने एंटर मारलं. नानांनी फाइल उचलली, उजव्या शिफ्टवर बोट ठेवून मनात आठ मोजले आणि म्हणाले, "थकबाकी नडते, साहेब." दरपत्रकं अजून फाइलला आहेत. ठरावही आहे, कारण इतिवृत्त आधीच लिहून झालं होतं.

नानांचं मूळ टायपिंग क्लासमधलं. एसटी स्टँडसमोरच्या माडीवर गोदरेजची अवजड मशीनं होती आणि त्यावर अख्ख्या तालुक्याच्या नोकऱ्या. तिथे घाईत दोन दांड्या एकमेकींत अडकल्या की सगळ्या वर्गाला ऐकू यायचं. तर्जनीने सोडवायच्या, बोटाला शाई लागायची, आणि त्या शाईवरून कोणी काय केलं तेही कळायचं. कॉम्प्युटरवर नानांचा खरा राग आहे तो इथे. अडकलंय ते दिसत नाही. बटण वर आलेलं असतं, पण मशीनच्या मनात ते खालीच. एक्सेलमध्ये बाण दाबावा तर चौकोन जागचा हलत नाही, आख्खा तक्ता सरकतो, आणि दोष असतो स्क्रोल लॉक नावाच्या बटणाचा, ज्याचा दुसरा उपयोग मी तरी कोणाला करताना पाहिलेला नाही. १९८१ साली आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर ते आलं आणि बदली न झालेल्या कर्मचाऱ्याच्या चिकाटीने जागा धरून बसलं.

त्याच आयबीएमच्या एका माणसाला मात्र नाना मनोमन नमस्कार करतात. डेव्हिड ब्रॅडली. मशीन पुन्हा सुरू करण्यासाठी त्याने आधी कंट्रोल, आल्ट आणि एस्केप अशी तीन बटणं ठरवली होती. तिन्ही डावीकडे, धक्का लागला की केलेलं काम गेलं. म्हणून त्याने एस्केप काढून पलीकडच्या टोकाचं डिलीट घेतलं, म्हणजे दोन हात लागावेत. "एवढ्या जगात एकालाच सुचलं," नाना म्हणतात, "की माणसाला कोपर असतं."

कोपराचे पराक्रम पुष्कळ आहेत. आमच्या जुन्या मशीनवर कंट्रोल, आल्ट आणि खालचा बाण असा योग जुळला की पडदा उलटा व्हायचा. एकदा नाना रजेवर असताना तो जुळला. शिपायाने विचार न करता मॉनिटरच उलटा केला आणि खाली दोन किर्दवह्यांचा टेकू दिला. माउसही सरळ चालला, ठेवी स्वीकारल्या गेल्या, पावत्या निघाल्या. नाना परत आले तेव्हा दुपारपर्यंत कोणी त्यांना काही सांगितलंच नाही. त्यांच्याशिवाय भागलं, हे त्यांना आजही खुपतं.

मग मराठी-इंग्रजीचा घोळ. डावं आल्ट आणि शिफ्ट एकदम लागलं की भाषा बदलते. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके, आणि मराठी ठिपका इंग्रजी ठिपक्याहून वेगळा दिसत नाही. माणूस बरोबर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकतो, मशीन पुन्हा पुन्हा चूक म्हणतं, शेवटी खातं बंद पडतं. नानांची तपासणी साधी : वरच्या, उघड्या चौकटीत आपलं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं. एन, ए, एन, ए. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर गेला असेल तर तिथे "लोलो" उमटतं. हे एकदा पिग्मी एजंटांनी पाहिलं. तेव्हापासून नाना पाठमोरे असले की त्यांचं ते दुसरं नाव चालतं.

खरोखरच अडकलेलं बटण आलं की नाना खुलतात. आधी विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतात. कोणी हात लावलेला नसताना त्यावर एखादं बटण उजळलेलं दिसलं की आरोपी सापडला. मग वायर काढून कीबोर्ड वर्तमानपत्रावर पालथा करतात आणि पाठीवर थापटतात. जे पडतं त्याचा पंचनामा होतो. बटणाखाली रबराची छोटी घुमटी असते, तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे आणि त्यांवर वीज वाहणाऱ्या रेघा. घुमटी खचली की रेघा टेकतात आणि अक्षर उमटतं. तिथे चहा सांडला तर पाणी उडून जातं, साखर बसून राहते. पण शेव, चिवडा, सुपारीची कातरण हे बटणाच्या कडेला अडकतं. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींच्या एंटरखालून एक मोहरी निघाली. अख्खी, फोडणीत तडतडलेली. नानांनी ती चिमटीत धरून उजेडाकडे केली, मग काही न बोलता कागदाची पुडी बांधली. वहिनींनी त्या दिवशी नानांचा प्रवासभत्ता न मागता दिला.

स्टिकी कीजबद्दल मात्र नानांचं मत एकदा बदललेलं मी पाहिलंय. वसुलीचा मुलगा मोटारसायकलवरून पडला, उजवा हात प्लॅस्टरमध्ये, आणि मार्चअखेर तोंडावर. एका हाताने त्याला शिफ्ट धरून अक्षर काही गाठता येईना. नानांनी सगळ्यांदेखत, पाठ न वळवता, शिफ्टवर पाच टिचक्या मारल्या आणि येस म्हटलं. त्याच्यासारख्यांसाठीच ती सोय आहे. कंट्रोल दाब, सोड, मग एस दाब. एकतीस तारखेला सगळ्यांत आधी वसुलीचाच अहवाल गेला.

यंदा एक नवा मुलगा लागलाय. हुशार, मदतीला तत्पर, आणि ज्ञान वाटायची हौस. त्याने नोटीस बोर्डावर कागद लावला : "शिफ्ट बटण पाच वेळा सलग दाबू नये." नाना जाता जाता थांबले, वाचलं, खिशातलं लाल पेन काढून "सलग"च्या आधी स्वल्पविराम घातला आणि जागेवर जाऊन बसले. अकराच्या आत कॅशला चौकट आली. मग कर्ज विभागात, मग मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये, मग बाहेर पासबुक भरायच्या मशीनवर, जिथे खातेदारांची रांग होती आणि कागद त्यांनीही वाचला होता. मुलगा घामाघूम होऊन एका टेबलावरून दुसऱ्यावर पळत होता. साडेबाराला तो नानांसमोर येऊन उभा राहिला.

नानांनी डबा उघडता उघडता त्याला खुर्ची दिली.

"बस. छान लिहिलंयस," ते म्हणाले. "आता विंडोज आणि एल दाबलं की मशीनला कुलूप लागतं, त्याची पण एक नोटीस लाव. पण उद्या. आज माझी अर्ध्या दिवसाची रजा आहे."