मेट्रोच्या खांबावर मोटारींचा पूल बांधणाऱ्या माननीय साहेबांस

माननीय नियोजनकार साहेब यांसी,


मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नकाशावर आपल्या नजरेस पडलं नसेल तर दोष गावाचाच, कारण इथे रेल्वेचा रूळही नाही. तरी आपले आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

पहिले आभार नागपूरच्या वर्धा रोडसाठी. एकाच खांबावर वर मेट्रो, तिच्याखाली मोटारींचा पूल आणि त्याखाली जुना रस्ता. ३.१४ किलोमीटरच्या या कामाची गिनीज बुकानं नोंद घेतली. लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात म्हणून मेट्रो आणायची आणि त्याच खांबावरून गाड्यांना विनासिग्नल वाट काढून द्यायची! मेट्रोचा प्रतिस्पर्धी तिच्याच खांबावर पोसण्याचं औदार्य आपणच दाखवू शकता. २०२४ मध्ये कामठी रोडवर तेच आणखी लांब करून दाखवलंत, याबद्दल वेगळे आभार.

११ डिसेंबर २०२२ बद्दलही कृतज्ञ आहोत. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातले उरलेले मार्ग त्या दिवशी खुले झाले आणि त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भागही. समृद्धीवर दुचाकीला मनाई आहे. ज्याच्या अंगणात मोटारसायकलपलीकडे वाहन नाही, त्याला आपण पेट्रोलच्या केवढ्या खर्चातून वाचवलंत!

आमच्या जिल्ह्यातल्या रेल्वेवरही आपली जुनी कृपा आहे. शेजारच्या वणीत रेल्वे आहे आणि तिथून कोळसा वॅगन भरभरून, वेळच्या वेळी निघतो. माणसाला मात्र काळी-पिवळीच्या मागच्या फळीवर गुडघे जुळवून बसावं लागतं. इंग्रजांच्या काळात यवतमाळहून मूर्तिजापूरला कापूस नेण्यासाठी शकुंतला नावाची रेल्वेगाडी धावली. कापसामागून माणसंही तिच्यात बसू लागली, तिच्यावर जीव लावून बसली. आता तीही उभी आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग २००८-०९ च्या अर्थसंकल्पापासून ऐकतो आहोत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली. पंधरा वर्षांत कळंब! या वेगाबद्दल काय बोलावं, साहेब?

आता मुलींविषयी. अहिल्याबाई होळकरांच्या नावानं सरकार ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास देतं. पास हाती येतो, गाडी येत नाही. राज्यभर एसटीचा ताफा वाढण्याऐवजी घटत गेला, आणि ताफा घटला की पहिली कात्री लागते ती मुक्कामी गाडीला आणि कॉलेज सुटल्यानंतरच्या फेरीला. दिवस मावळल्यावर फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीचा बाप दोन-चार वेळा सोसतो, मग तिचं नाव कॉलेजातून काढतो. एक फेरी रद्द होते तेव्हा काय काय रद्द होतं, ते आपल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहितात, हे कळवलंत तर उपकार होतील.

साहेब, आता सरळच लिहितो. नागपूरची मेट्रो मला हवी आहे, आणि ती भरभरून धावायला हवी आहे. दुसऱ्या टप्प्याच्या ४३.८ किलोमीटरला केंद्रानं ६,७०८ कोटींची मंजुरी दिली. त्यात ती मिहानहून बुटीबोरीपर्यंत येणार. आमचा माणूस नागपूरच्या ‘मेडिकल’ रुग्णालयात पेशंट घेऊन निघतो तो करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम करत त्याच बुटीबोरीवरून. तिथे बसमधून उतरून समोर मेट्रो मिळाली, दोन्हींचं तिकीट एक असलं, वेळा जुळलेल्या असल्या, तर पेशंटला घेऊन शहराच्या गर्दीत रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागणार नाही. पण त्यासाठी मारेगावहून बस निघाली पाहिजे. ती निघत नाही म्हणून माणूस कर्ज काढून जुनी चारचाकी घेतो, तीच घेऊन नागपुरात शिरतो. मग वर्धा रोड तुंबला म्हणून आपण आणखी एक पूल मांडता. नागपूरच्या मेट्रोचे प्रवासी आमच्या थांब्यावर तुटतात, आणि आपण ते खांबांवर शोधता आहात.

पुढचा पूल मंजूर करताना त्याच्या रकमेतला लहानसा हिस्सा तालुक्याच्या गाड्यांसाठी बाजूला काढावा. गाड्या नव्या असाव्यात, चालक-वाहकांची भरती पुरी असावी आणि मेट्रोच्या टोकाच्या स्टेशनावर बसला उभं राहायला जागा असावी. ती जागा बुटीबोरीच्या आराखड्यात आजच राखून ठेवा. खांब उभे राहिल्यावर उरणार नाही.

आपल्या मोटारीला या रस्त्यानं येण्याचं कारण सहसा पडत नाही, म्हणून पत्रानं कळवतो आहे. संध्याकाळची वणी–मारेगाव शेवटची गाडी रात्री आठनंतर सोडण्याचा आदेश कोणत्या तारखेला निघतो, तेवढं उलट टपाली कळवावं.

आपला नम्र,
मारेगावचा एक प्रवासी