डॉक्टर बदलतो, दुखणं तेच

३१ मे २०२५ च्या शनिवारी संध्याकाळी बीबीसीवर 'डॉक्टर हू'चा 'द रिअॅलिटी वॉर' हा भाग संपला. शेवटी डॉक्टर झालेल्या शुटी गाट्वाच्या अंगातून नेहमीप्रमाणे सोनेरी ज्वाळा निघाल्या आणि चेहरा बदलला. कुणीतरी नवा, अनोळखी नट दिसायचा तिथे बिली पायपर हसत उभी! ही बाई म्हणजे २००५ साली याच मालिकेत डॉक्टरबरोबर फिरणारी रोझ. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण 'डॉक्टरच्या भूमिकेत' हे शब्द मात्र आले नाहीत. पडदा काळा झाला. मालिका आता बंद पडणार या कल्पनेने चाहत्यांच्या पोटात गोळा आला, आणि ती चालू राहिली तर काय, या कल्पनेने त्याहून मोठा आला.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही (असे वाचक भाग्यवान, त्यांचा रक्तदाब जागेवर असतो) त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टर हा परग्रहावरचा इसम. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोन-खोक्यात बसून तो काळातून आणि अवकाशातून हिंडतो. खोकं आतून बाहेरच्यापेक्षा मोठं आहे. मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. देशाचं लक्ष अर्थातच भलतीकडे होतं, म्हणून बीबीसीने पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवला. त्या पहिल्या भागाचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, जन्माने लखनौचा आणि तेव्हा पंचविशीही न गाठलेला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट. आणि ज्याच्या डोक्यातून हे सारं निघालं त्या सिडनी न्यूमन यांनी बजावून ठेवलं होतं की बटबटीत डोळ्यांचे राक्षस चालणार नाहीत. दुसऱ्याच कथेत डालेक नावाचे राक्षस आले. न्यूमन भडकले आणि ब्रिटनची पोरं वेडी झाली. तेव्हा मालिकेवर नाराज झालेला पहिला माणूस तिचा जन्मदाताच होता, हे नोंदवून ठेवायला हवं. पुढचे सगळे त्यांचे वारस.

१९६६ साली पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल आजारपणामुळे थकला. आपल्याकडच्या मालिकेत नट बदलायचा तर नायकाला ट्रक उडवतो, तोंडाला पट्ट्या बांधल्या जातात, आणि पट्ट्या सुटल्यावर नवा चेहरा पाहून सासूबाईंखेरीज कुणालाही नवल वाटत नाही. बीबीसीने रुग्णालयाचा खर्च वाचवला. डॉक्टरला मरताना नवं शरीर मिळतं, असं थेट जाहीरच करून टाकलं. पॅट्रिक ट्राउटन आला. हा कसला डॉक्टर, हा तर विदूषक, अशी कुरकुर झाली. आज त्याच ट्राउटनचं नाव घेताना चाहते आवाज खाली आणतात.

इथे या जमातीचा मूळ नियम सांगायला हवा. मालिकेचा सुवर्णकाळ कोणता, असं कुठल्याही चाहत्याला विचारा. तो जे साल सांगेल त्यातून त्याचं जन्मसाल वजा करा. उत्तर आठ ते बारा यांच्या दरम्यान येतं. त्यानंतर मालिका घसरली, हे मत सर्वांना मान्य आहे. फक्त कधी घसरली यावर साठ वर्षांत एकमत नाही.

१९७६ सालचंच पाहा. रॉबर्ट होम्स यांनी 'द डेडली असॅसिन' लिहिली. तोवर डॉक्टरचे जातभाई, म्हणजे टाइम लॉर्ड, कुणी सर्वशक्तिमान देवदूत असावेत असा समज होता. होम्सनी त्यांना झगे घातलेले, कुरघोड्या करणारे, झोपाळू म्हातारे करून टाकलं. (बहुधा त्यांनी कधीतरी एखाद्या विद्यापीठाची सिनेट जवळून पाहिली असावी.) चाहत्यांची संघटना त्याच वर्षी स्थापन झाली होती. तिच्या पहिल्या अध्यक्षाने या कथेची सालटी काढली. मालिकेतली जादूच गेली, असा एकंदर सूर. आता गंमत पाहा. टाइम लॉर्डला बाराच वेळा शरीर बदलता येतं, हा नियम याच कथेत पहिल्यांदा आला. ज्या कथेने सारं बुडवलं असं म्हटलं गेलं, तिच्यातला एक संवाद पुढे श्रुतिवचन ठरला. पुढच्या पिढ्यांनी तो छातीशी धरला आणि चौदावा चेहरा येणार कसा, यावर रात्री जागवल्या. २०१३ च्या नाताळात डॉक्टरला नव्या जन्मांचा साठा मिळाला, तेव्हा नियम मोडला म्हणून ओरड झाली. कथा मात्र आता अभिजात गणली जाते.

चाहत्यांचं मासिकही आहे. 'डॉक्टर हू मॅगझिन' १९७९ पासून निघतंय. २००९ साली त्यांनी तोवरच्या दोनशे कथांची मतमोजणी केली. पहिली आली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी', दोनशेवी आली 'द ट्विन डायलेमा'. या दोन कथा १९८४ च्या मार्चमध्ये पाठोपाठ दाखवल्या गेल्या होत्या. म्हणजे एका शुक्रवारी मालिका तिच्या शिखरावर होती, आणि लगेच पुढच्या आठवड्यात तळाला. उतरायला एवढा वेग लागतो हे हिमालयात हिंडणाऱ्यांनाही ठाऊक नसेल.

पण सर्वात चांगला भाग कुठला असतो? जो कुणालाच पाहता येत नाही, तो. साठ-सत्तरच्या दशकांत बीबीसीने जुन्या टेपा पुसून त्यांच्यावर दुसरं काही ध्वनिचित्रित करण्याचा काटकसरी उद्योग केला, आणि मालिकेचे नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले. १९६७ ची 'द टूम ऑफ द सायबरमेन' त्यांतलीच. ज्यांनी ती लहानपणी पाहिली होती ते तिच्याविषयी बोलताना डोळे मिटत, आणि ज्यांनी पाहिली नव्हती ते त्यांच्यापेक्षा जोरात मिटत. मग तिच्या प्रती हाँगकाँगला सापडल्या आणि १९९२ साली कॅसेट बाजारात आली. धडाक्यात खपली. ती पाहून काही मंडळींचे चेहरे उतरले. बरी होती, पण आठवणीतली नव्हती. बीबीसीने ती पुन्हा एकदा हरवावी, अशी मागणी कुणी केल्याचं ऐकिवात नाही, पण मनात नक्की आली असणार.

आता या पुराणातलं सर्वात रसाळ आख्यान. १९८६ साली 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' ही चौदा भागांची लांबलचक कथा संपली. होम्स यांचं निधन झालेलं, उरलेली संहिता मागे घेतलेली. शेवटचा भाग पिप आणि जेन बेकर या दांपत्याने घाईघाईत लिहून दिला. त्यानंतर बीबीसीच्याच 'ओपन एअर' या कार्यक्रमात प्रेक्षकांना मतं विचारली गेली. लिव्हरपूलकडच्या चाहत्यांमधल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने देशासमोर या लेखकद्वयाचं माप काढलं. त्याला वाटलं होतं, त्याहून पुष्कळ चांगलं करता आलं असतं. मुलाचं नाव ख्रिस चिबनल. २०१८ साली हाच चिबनल मालिकेचा सूत्रधार झाला. जोडी व्हिटाकरच्या रूपाने पहिली स्त्री-डॉक्टर त्याच्या कारकिर्दीत उभी राहिली आणि फाळणीवरचा 'डीमन्स ऑफ द पंजाब' हा विनय पटेल यांनी लिहिलेला नेटका भागही त्याच काळातला. मग २०२० साली त्याने 'द टाइमलेस चिल्ड्रन' लिहिली. हार्टनेलच्या आधीही डॉक्टरचे कित्येक जन्म होऊन गेले होते, असं सांगितलं. आणि सोळा-सोळा वर्षांच्या मुलांनी, तसंच छप्पन्न वर्षांच्यांनीही, त्याचं माप काढलं. त्याहून पुष्कळ चांगलं करता आलं असतं म्हणे!

ही काही एकट्या चिबनलची कथा नव्हे. २००५ ला मालिका पुन्हा सुरू झाल्यापासून कारभार चाहत्यांच्याच हाती आहे. पहिला सूत्रधार डेव्हिस चाहता, त्याच्यानंतरचा मॉफट चाहता. पीटर कपाल्डीचं पंधराव्या वर्षीचं पत्र 'रेडिओ टाइम्स'ने छापलं होतं, चाळीस वर्षांनी तो स्वतःच डॉक्टर झाला. डेव्हिड टेनंट तर लहानपणी डॉक्टर व्हायचं म्हणून नट झाला. डॉक्टरही झाला आणि मग पाचव्या डॉक्टरच्या मुलीशी लग्नही केलं. या मुलीने मालिकेत डॉक्टरच्या मुलीचंच काम केलं होतं. वंशावळ काढायला गेलात तर गुरुजीही हात टेकतील. सत्तेत चाहते, विरोधात चाहते, प्रेक्षागारातही चाहते.

डेव्हिस पहिल्यांदा गेला तेव्हा सुटलो म्हणणारे पुष्कळ होते. मॉफटच्या काळात त्यांना डेव्हिस आठवू लागला, चिबनलच्या काळात मॉफट. सप्टेंबर २०२१ मध्ये डेव्हिस परत येतोय अशी बातमी आली तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी होतं. डिस्नेचा पैसा आला, राक्षस चकचकीत झाले. मे २०२५ पर्यंत पेढे खवट झाले होते.

'द रिअॅलिटी वॉर'वरच्या तक्रारी तपशीलवार पाहण्याजोग्या आहेत. पहिली, ओमेगा. टाइम लॉर्डांच्या संस्कृतीचा हा एक मूळपुरुष दहाव्या वर्षाच्या सोहळ्याच्या कथेत पहिल्यांदा दिसला, १९८३ मध्ये पुन्हा येऊन गेला. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी अवतरला तो हाडांचा डोंगर होऊन. आला, एकीला गिळलं, डॉक्टरने त्याला परत ढकललं, संपलं. चहा घ्यायला उठलेल्यांना तो दिसलाच नाही.

जिला गिळलं ती राणी. राणी ही १९८५ सालची खलनायिका, त्याच बेकर दांपत्याने घडवलेली. ती १९८७ नंतर मालिकेत फिरकली नव्हती. पण २००५ पासून पडद्यावर कुणीही गूढ स्त्री आली की चाहते एकमेकांना कोपराने ढोसत: ही राणीच! ती परिचारिका असो, पंतप्रधान असो की शेजारीण. वीस वर्षं हा जप चालला. अखेर २०२५ मध्ये शेजारीण खरोखरच राणी निघाली, शिवाय दुभंगून दोन झाल्या, त्यातली दुसरी आर्ची पंजाबी. चाहत्यांनी काय म्हणावं? अगदीच अपेक्षित होतं, म्हणाले.

एका तक्रारीत मात्र चाहत्यांची बाजू खरी आहे. वरदा सेतूने रंगवलेली बेलिंडा चंद्रा ही लंडनमधली परिचारिका. पहिल्या भागापासून तिचं एकच म्हणणं होतं, मला माझ्या घरी सोडा. फटकळ, कामसू, डॉक्टरच्या मोहिनीला न भुलणारी अशी बाई फार वर्षांनी मिळाली होती. शेवटच्या भागात वास्तव बदललं आणि तिला घरी जायचं होतं ते तिच्या लेकीसाठी, असं ठरून गेलं. म्हणजे तिचा सगळा ताठा मागाहून ममतेच्या खात्यावर जमा. अशी जमाखर्चाची लबाडी आपण मराठी मालिकांत रोज पाहतो. त्यासाठी डिस्नेचा पैसा लागत नाही.

पैशावरून आठवलं, प्रत्येक भागानंतर चाहते हिशेबनीसही होतात. प्रेक्षकसंख्या घटली, तेव्हा मालिका मेली. १९७९ ला 'सिटी ऑफ डेथ'चा शेवटचा भाग १ कोटी ६१ लाख लोकांनी पाहिला होता, हा आकडा त्यांच्या जिभेवर असतो. त्या आठवड्यांत समोरची आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती, हे जरा चाचरत सांगतात.

आणि तरीही या कुरकुऱ्यांना एक मुजरा करणं भाग आहे. साठच्या दशकात काही पोरं टीव्हीच्या भोंग्याशी टेपरेकॉर्डर धरून, घरच्यांना गप्प बसवून, भाग ध्वनिमुद्रित करत होती. बीबीसीने चित्रं पुसली, पण हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, तो या पोरांमुळे. महामंडळापेक्षा हट्टी पोरं जास्त भरवशाची निघाली. पुढे हीच पोरं चिडकी म्हातारी झाली असतील तर तो त्यांचा हक्क आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेने हात काढून घेतल्याचं आणि २०२६ च्या नाताळात डेव्हिसने लिहिलेला विशेष भाग येणार असल्याचं बीबीसीने जाहीर केलं. बिली पायपर नेमकी कोण, हे तोवर टांगलेलं. तेव्हा वाचकहो, या निमित्ताने मालिका पाहायची हुक्की आलीच, तर कुठून सुरुवात करू हे चाहत्याला विचारू नका. तो १९६३ पासून म्हणेल, आणि मग त्यातले भाग का नाहीत याची कहाणी सांगत बसेल. सरळ २००७ चा 'ब्लिंक' लावा. डॉक्टर त्यात अगदी थोडा वेळ आहे, पुतळे मात्र भरपूर आहेत, आणि समजायला आधीचं काहीही पाहिलेलं असावं लागत नाही.