वायुक्षयवाद : एक शिर्डीकर दर्शन

घरातील वातानुकूलन यंत्र, म्हणजे लोकभाषेतील एसी, गार हवा देईनासे झाले की त्याच्या कारणमीमांसेत जे मत राहाता तालुक्यात, आणि खरे तर सर्व महाराष्ट्रात, प्रमाण मानले जाते, त्याला सोयीसाठी वायुक्षयवाद म्हणता येईल. 'गॅस संपला' हे त्याचे मूलसूत्र असून ते यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी, पुष्कळदा कारागीर जिना चढत असतानाच, उच्चारले जाते. शिर्डीत या मताचा झालेला उत्कर्ष अभ्यासण्याजोगा आहे. कारण येथे अनेक घरांचे वरचे मजले भक्तांना भाड्याने दिले जातात, आणि रामनवमीपासून चढू लागलेला पारा वैशाखात चाळिशी ओलांडत असल्याने न येणारा गारवा ही केवळ कौटुंबिक अडचण न राहता भाड्याच्या दराचा प्रश्न होतो. ('एसी' आणि 'नॉन-एसी' या दोन दरांतील भेद काही ठिकाणी गल्ल्यात जपून ठेवलेल्या रिमोटएवढाच असतो, पण तो स्वतंत्र प्रबंधाचा विषय होय.) शिवाय 26 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वातानुकूलित सोयींसह नवे दर्शनरांग संकुल खुले झाल्यापासून, देवाच्या दारी गारवा आणि भाड्याच्या खोलीत घाम, अशी तुलना भक्त करू लागले तर त्यांना दोष देता येत नाही.

पूर्वपक्ष असा की, स्वयंपाकघरातील सिलिंडर जसा संपतो तसाच एसीतील वायूही वापराने संपतो. उत्तरपक्ष असे सांगतो की हे यंत्र थंडी निर्माण करीतच नाही. त्यातील शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारे द्रव्य (हल्लीच्या घरगुती यंत्रांत बहुधा आर-32), खोलीतील नळ्यांत बाष्परूप होताना तेथील उष्णता शोषते, कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो, तेथे ते उष्णता सोडून पुन्हा द्रवरूप होते आणि माघारी येते. हे चक्र बंदिस्त असल्यामुळे शीतक खर्च होत नाही. ते कमी झाले असेल तर कोठेतरी गळती असते, आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून ती शोधल्याशिवाय नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. तरीही पूर्वपक्ष लोकप्रिय आहे, आणि त्याचे कारण तात्त्विक नसून सामाजिक आहे: वायू अदृश्य असल्याने त्याच्या जाण्याचा ठपका कोणावरच येत नाही, धुळीचा मात्र घरमालकावर येतो.

धुळीच्या बाबतीत शिर्डी संपन्न आहे. गावातून जाणाऱ्या नगर-मनमाड महामार्गाच्या खड्ड्यांविषयी निवेदने, आंदोलने आणि आश्वासने यांची परंपरा मोठी असली, तरी त्या रस्त्याची सर्वांत विश्वसनीय नोंद घरोघरच्या एसीच्या जाळीवर सापडते, जेथे तो थराथराने, कोणत्याही निविदेविना, साचत जातो. ही जाळी, म्हणजे आत ओढलेली हवा गाळणारा फिल्टर, ऐन उन्हाळ्यात दर पंधरवड्याला नळाखाली धुवावी लागते. ती तुंबली की नळ्यांवरून पुरेशी हवा फिरत नाही, नळ्या गोठतात, त्यांवर धरलेला बर्फ उरलेली वाटही अडवतो, आणि यंत्र बंद करताच ते पाणी खाली झोपलेल्यावर ठिबकते. वायू खरोखर कमी झाल्यासही बर्फ धरतो, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. मात्र म्हणूनच आधी जाळी पाहावी, हा त्यातून निघणारा निष्कर्ष वायुक्षयवादी काढीत नाहीत.

बाहेरच्या भागाची कथा याहून राजकीय आहे. 'दीड टन' हे यंत्राचे वजन नसून, 24 तासांत सुमारे 1,360 किलो बर्फ वितळवण्यास लागेल इतकी उष्णता बाहेर टाकण्याची ती क्षमता आहे, आणि ती बाहेरचे तापमान 35 अंश धरून मोजलेली असते. म्हणजे वैशाखातील शिर्डीत ती मुळातच घटलेली असते. त्यात सज्जातील ज्या पेटीने ही उष्णता रस्त्याकडे फेकायची, तिच्या तोंडावरच एखाद्या लोकनेत्याच्या अभीष्टचिंतनाचा फ्लेक्स ताणून बांधलेला असतो. तेव्हा गरम हवा नेत्याच्या पाठीवर आपटून परत पेटीत शिरते आणि कॉम्प्रेसर तापून स्वतःहून थांबतो. लोकप्रतिनिधी व नागरिक यांच्यात इतका थेट उष्णताविनिमय अन्यत्र क्वचितच आढळतो.

यावर शिर्डीकर यजमानाचा पहिला उपाय रिमोटवर 16 अंश लावणे हा असतो. खोली 38 अंशांवर असताना यंत्र 24 वर ठेवले तरी पूर्ण जोरानेच चालते, त्यामुळे 16 लावल्याने ते अधिक वेगाने गार करीत नाही, फक्त उशिरा थांबते. दुसरा उपाय वारंवार बंद-चालू करण्याचा. कॉम्प्रेसर थांबल्यावर नळ्यांतील दाब समान होण्यासाठी सुमारे तीन मिनिटे जावी लागतात आणि तोवर यंत्र त्याला सुरू होऊ देत नाही. परंतु ज्या गावात रिक्षांच्या पाठीपासून दुकानांच्या पाट्यांपर्यंत 'सबुरी' लिहिलेली आहे, तेथे ही तीन मिनिटे कोणालाही निघत नाहीत.

शेवटी कारागीर येतो, मूलसूत्र उच्चारतो, बादलीभर पाण्यात जाळी धुतो, हात पोहोचावा म्हणून फ्लेक्सची एक दोरी सोडतो, आणि खोली गार होऊ लागते. पावतीवर 'गॅस भरला' एवढीच नोंद होते, आणि यजमान ती जपून ठेवतो. कारण पुढच्या भक्ताला वाढीव दर सांगताना धुतलेल्या जाळीचा दाखला देता येत नाही.