लॅपवीर

लॅपवीर ओळखायची सोपी खूण म्हणजे तो वेळ दशांश चिन्हासकट सांगतो. लग्नाचा मुहूर्त विचारलात तर ‘असेल साडेबारा-एकच्या सुमारास’ म्हणेल. मुलीची शाळा किती वाजता सुटते हे त्याला बायकोकडून कळतं. पण २०१८ साली लॅम्बोर्गिनी अ‍ॅव्हेंटाडोर एसव्हीजेने नुर्बुर्गरिंगची फेरी कितीत मारली, हे त्याला मध्यरात्री हलवून विचारा. ‘सहा चव्वेचाळीस पॉइंट नऊ सात’ असं डोळे न उघडता सांगेल आणि कूस बदलता बदलता ‘जुन्या मापाने हं’ अशी पुस्ती जोडेल.

असली गाडी त्याच्या दारात उभी असते असं नाही. दारात स्कूटर असते, तिचं सर्व्हिसिंग लांबलेलं असतं. आमचा लॅपवीर चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. कंपनी ब्रॅकेट बनवते. रीडिंग न घेताच चेकशीट भरणाऱ्या ऑपरेटरला तो जे झापतो, ते प्रेस शॉपच्या आवाजातही ऐकू येतं. गेज लावून बघितला नाही तो पीस त्याच्या लेखी पीसच नव्हे. कामावर इतका काटेकोर असणारा हा माणूस एका जर्मन कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो. बाकीच्यांची प्रसिद्धिपत्रकं तो भिंग घेऊन वाचतो.

त्याचं विश्व ज्या रस्त्याभोवती फिरतं तो नुर्बुर्गरिंग, म्हणजे नुसतं ‘रिंग’, जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात आहे. १९२७ साली सुरू झालेला, जंगलातून वरखाली जाणारा, सत्तरच्या वर वळणांचा, चढउताराचा फरक तीनशे मीटर. शर्यतपटू जॅकी स्टुअर्टने त्याला ‘हिरवा नरक’ म्हटलं. १९७६ मध्ये त्याच्याच पेशातला निकी लाउडा तिथे जळत्या गाडीत अडकला आणि फॉर्म्युला वनने त्या रस्त्याला कायमचा रामराम केला. गाडी कंपन्यांनी मात्र तो धरून ठेवला, कारण ‘आमची गाडी वेगवान आहे’ म्हणण्यापेक्षा ‘आमची गाडी रिंगवर अमुक मिनिटांत’ म्हणणं जास्त खपतं. पुढे वहिवाटच पडली : ज्याची गाडी त्याचाच ड्रायव्हर, त्याचंच घड्याळ आणि त्याचंच पत्रक.

मापसुद्धा सोयीचं. पूर्ण फेरी २०.८३२ किलोमीटरची, पण वर्षानुवर्षं स्टँडजवळचा सव्वादोनशे मीटरांचा तुकडा सोडून २०.६ किलोमीटरच मोजत. २०१९ मध्ये ट्रॅकवाल्यांनी शिस्त लावली. अंतर पूर्ण धरायचं, गाडी तपासायची आणि साक्षीला नोटरी ठेवायचा. नोटरी म्हटलं की आमच्या लॅपवीराला भरून येतं. शिवाजीनगर कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले नोटरी ज्याने रोज पाहिलेत, त्याला नेमकं कशाने भरून येतं हे मला उमगलेलं नाही.

बरं, शिस्त लागली म्हणून वाद मिटले का? उलट दुप्पट झाले. २०२१ च्या जूनमध्ये पोर्शेच्या लार्स केर्नने मान्थाय कंपनीचं किट लावलेली पोर्शे जीटी२ आरएस पळवली. नव्या मापाने वेळ ६ मिनिटं ४३.३ सेकंद, जुन्या मापाने ६ मिनिटं ३८.८. एकाच फेरीचे दोन आकडे, दोन्ही खरे! लॅम्बोर्गिनीवाला नवा आकडा उचलून म्हणतो, ‘आमच्यापेक्षा जेमतेम पावणेदोन सेकंद.’ पोर्शेवाला जुना उचलून म्हणतो, ‘सहा सेकंदांनी खाल्ला.’ यात रिकाम्या हाताने कुणीच परत जात नाही.

आता हे सगळं चालतं कुठे, तर कंपनीच्या बसमध्ये. नाशिक फाटा ते चाकण हे अंतर साधारण रिंगच्या एका फेरीएवढंच, वीस-एकवीस किलोमीटर. बसला त्याला बरा दिवस असेल तर तास लागतो. बरा दिवस क्वचितच असतो. मोशीच्या पुढे कंटेनरच्या रांगेत बस एकदा थांबली, की लॅपवीर सीटवर आडवा वळून बसतो. मागे टूलरूमचा एक जण असतो, तो निस्सानचा. निस्सानचा म्हणजे पल्सर चालवतो, पण श्रद्धेने निस्सानचा.

‘सात एकोणतीस!’ लॅपवीर सुरुवात करतो. ‘पोर्शेने तुमची जीटी-आर पदरचे पैसे टाकून विकत घेतली, रिंगवर फिरवली. सात चोपन्न आले. वरचे पंचवीस सेकंद कुठे गेले रे?’

‘तुमच्या ड्रायव्हरला विचार.’

हा सामना २००८ चा. निम्म्याच्या आसपास किंमत असलेली जपानी गाडी ९११ टर्बोला मागे टाकते म्हटल्यावर पोर्शेच्या श्टुटगार्टला मिरच्या झोंबल्या होत्या. आणि टूलरूमवाल्याने बसमध्ये दिलं तेच उत्तर निस्साननेही तेव्हा दिलं होतं, जरा सभ्य भाषेत : गाडी नीट चालवायला शिकवणारे कोर्स असतात, आमच्याकडेही आहेत, पोर्शेच्या लोकांना उपयोग होईल. एवढी सालस नम्रता मी फक्त सोसायटीच्या एजीएमच्या नोटिशीत वाचली आहे.

‘टायर वेगळे लावले असणार.’

‘दुकानात मिळतात तेच होते. निस्सानने सांगितलंय.’

‘निस्सानने सांगितलंय!’ लॅपवीर सबंध बसकडे बघत म्हणतो. ‘आणि पोर्शेने काय सांगितलं ते? जर्मन माणूस आकड्यात खोटं बोलत नाही.’

‘डिझेलच्या धुराच्या घोटाळ्याचं काय मग? २०१५?’

‘ते फोक्सवॅगन.’

‘आणि पोर्शे कुणाची?’

इथे ड्रायव्हर गिअर टाकतो, बस दहा फूट सरकते, सगळे पुढे बघतात. लॅपवीराला तेवढा वेळ पुरतो. ‘धुराचा आणि लॅप टाइमचा काय संबंध?’ तो विचारतो. आणि खरं तर नसतोच.

या घराण्याच्या प्रश्नात फार शिरू नये, माणसं दुखावतात. लॅम्बोर्गिनी १९९८ पासून आउडीची, आउडी फोक्सवॅगनची, पोर्शेही त्याच वाड्यातली. म्हणजे पोर्शेवाला आणि लॅम्बोर्गिनीवाला ज्या आकड्यांवरून एकमेकांशी बोलणं टाकतात, ते दोन्ही आकडे शेवटी फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबर्गमधल्या एकाच खातेवहीत जमा होतात. २०१७ मध्ये हुराकान परफॉर्मान्तेने ६ मिनिटं ५२ सेकंदांचा दावा केला, तेव्हा ‘व्हिडिओ पळवलाय’ असा गलका झाला. कंपनीने टेलिमेट्री बाहेर काढली. आमचा लॅपवीर टेलिमेट्री बघून म्हणाला, ‘आलेख काय, एक्सेलमध्ये पण काढता येतो.’ त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्शेने ६ मिनिटं ४७.३ सांगितले, तेव्हा त्याने टेलिमेट्री मागितली नाही. पेढे आणले.

फेरारीवाल्यांचा मामला निराळा. फेरारी रिंगच्या भानगडीत पडत नाही. मारानेल्लोला घराशेजारीच तिचा फिओरानोचा ट्रॅक आहे, तिथली वेळ ती सांगते. पेपर काढणारी तीच, सोडवणारी तीच आणि तपासणारीही तीच. फेरारीवाला मात्र या मुद्द्यावर वाद घालत नाही, फक्त हसतो. ते हसणं लॅपवीराला सहन होत नाही. मॅक्लारेनवाले त्याहून वरचढ. २०१३ मध्ये मॅक्लारेनने जाहीर केलं की पी१ रिंगवर सात मिनिटांच्या आत आली. आत म्हणजे किती आत, ते सांगितलं नाही. मुलगा डिस्टिंक्शनमध्ये आला म्हणून सांगायचं आणि मार्कशीट कपाटात ठेवायची, तसला प्रकार. पण त्या न सांगितलेल्या आकड्यावर जेवढा वाद झाला तेवढा सांगितलेल्या एकाही आकड्यावर झाला नसेल, कारण त्यात प्रत्येकाला आपल्या मनातली वेळ भरता आली.

आणि डॉज व्हायपरवाल्या अमेरिकनांबद्दल तर माझ्या मनात माया आहे. कंपनी रिंगवर जायला तयार नाही म्हटल्यावर २०१७ मध्ये त्यांनी वर्गणी काढली. वर्गणी काढून गाड्या नेल्या, ड्रायव्हर बसवले, आणि वेळ आली ७ मिनिटं १.३ सेकंद. सात मिनिटांना सव्वा सेकंद कमी पडला. पुढच्या प्रयत्नात टायर फुटून गाडी गेली. आपल्या पैशाने हरायला धाडस लागतं; बसमधल्या दोन्ही पक्षांनी चार दिवस एकमेकांना एक टोमणाही मारला नाही.

या लोकांना नुसतं हसून मात्र चालत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात एसएससी नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या टुआटाराने नेवाडातल्या सरळ रस्त्यावर दोन्ही दिशांची सरासरी ताशी ५०८ किलोमीटर काढली, वरचा वेग तर ५३० च्याही पुढे. मोठमोठ्या मासिकांनी बातमी छापून टाकली. दोष दिसला तो व्हिडिओचं वेड असलेल्या काही यूट्यूबरांना. त्याच रस्त्यावर २०१७ मध्ये कोनिगसेगची गाडी ४४७ ने पळाली होती. त्यांनी दोन्ही व्हिडिओ शेजारी लावले, रस्त्यालगतच्या खुणा मोजल्या, एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागले ते लिहून काढलं. पडद्यावर ५०० दिसत होते आणि खुणांच्या हिशेबाने गाडी कितीतरी मागे होती. गिअर आणि इंजिनाचे फेरे यांचाही मेळ बसेना. आधी कंपनीने कानांवर हात ठेवले, मग चाचणी पुन्हा घेऊ म्हणाली. २०२१ च्या जानेवारीत फ्लोरिडात पुन्हा घेतली तेव्हा सरासरी ४५५ भरली, आणि त्या वर्षाच्या मध्यावर मालकांनी कबूल केलं की पहिल्या वेळी गाडी ४८२ ला, म्हणजे ताशी तीनशे मैलांनाही, पोचली नव्हती.

पहिली बातमी आली त्या आठवड्यात आमच्या लॅपवीराने स्वतःही तो व्हिडिओ पॉज करून करून पाहिला होता. वहीत खांब, कुंपण, वळणाचा फलक अशी नोंद, पुढे सेकंद. क्वालिटीच्या माणसाचं अक्षर, रकाने आखलेले. मी ती वही पाहिली आहे. एकही चूक नव्हती. टूलरूमवाल्याने ती पूर्ण वाचली आणि मान हलवून परत दिली; त्याच्याकडून मिळालेली ही सर्वांत मोठी दाद. तेव्हा टुआटारा त्या दोघांपैकी कुणाचीच नव्हती, हेही सांगायला हवं.

असा माणूस घरच्या कार्यात धोक्याचा, कारण मराठी माणसाचीही एक रिंग आहे : पुणे-मुंबई. घराघरात एक तरी मामा असतो, जो हे अंतर दोन तासांच्या आत काढतो. परवा बारशाला लॅपवीराच्या बायकोचे मामा आले. पाटावर बसायच्या आधीच म्हणाले, ‘काय रस्ता केलाय! पुणे-मुंबई पावणेदोन तास.’

सगळ्यांनी ‘वा वा’ केलं. लॅपवीराने हातातली बासुंदीची वाटी खाली ठेवली.

‘पुण्यात कुठून, मामा?’

‘वाकडहून.’

‘आणि मुंबईत कुठे?’

‘वाशी.’

‘वाशी मुंबईत येत नाही.’

‘अहो, पूल ओलांडला की मुंबईच,’ मामी म्हणाल्या.

‘निघाल्याची वेळ काय? मोबाईलमध्ये टोलचे मेसेज असतील. फास्टॅगचे. दाखवा.’

मामांचा मोबाईल बायकांतून, आजोबांकडून, हातोहात लॅपवीराकडे आला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, टोलनाक्यांच्या वेळा पाहिल्या, ओठांतल्या ओठांत आकडेमोड केली. बायको पलीकडून डोळे वटारत होती, ते त्याला दिसलं नाही.

‘दोन तास दहा मिनिटं. पंचवीस मिनिटं जास्त.’

पंगतीत शांतता पसरली. मामा लालबुंद झाले. ‘मध्ये फूड मॉलला वडापाव खायला थांबलो होतो. ते कुठे धरतात?’

‘धरतात. घड्याळ चालूच असतं.’ तो थांबला, मग सवयीने त्याने विचारलं, ‘गाडी कुठली होती?’

‘नवीन घेतली ना. स्कोडा. कुशाक.’

लॅपवीराने चष्मा खाली घेतला. स्कोडा फोक्सवॅगनची, कुशाक तर आमच्या चाकणला बनते, त्याच्या कंपनीपासून हाकेच्या अंतरावर. त्याने मोबाईल पुसून मामांच्या हातात दिला आणि बासुंदीची वाटी पुन्हा उचलली.

‘मग वडापाव वजाच करायला हवा,’ तो म्हणाला. ‘रिंगवरसुद्धा जुन्या मापात सव्वादोनशे मीटर धरत नसत.’